अणुभट्टीत इंधनाच्या सळ्या धरून ठेवतात कशा? घट्ट की सैल?

खटपट्या · शनिवार, रात्री १०:१२

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिने अणुभट्टीचं मॉडेल केलंय. काचेची बरणी, निळं पाणी आणि थर्माकोलच्या तुकड्यात खोचलेल्या पंधरावीस उदबत्त्या. बरणी जरा हलली की उदबत्त्या माना टाकतात. तिने विचारलं, "मामा, खऱ्या भट्टीत ह्या कशाने धरून ठेवतात रे?"

मी मेकॅनिकलवाला. अणुभट्टीत कधी काम केलेलं नाही, पण हीट एक्स्चेंजरच्या नळ्या का थरथरतात ह्या एका प्रश्नावर अनेक वर्षं पगार खाल्लाय. म्हणजे प्रश्न माझ्याच गल्लीतला निघाला. दोन आठवडे वाचत होतो, ते इथे ओततो. जाणकारांनी चुका काढाव्यात.

जगात सगळ्यात जास्त भट्ट्या आहेत त्या दाबाखालच्या साध्या पाण्याच्या, पीडब्ल्यूआर. त्यातली एक सळी म्हणजे झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी. बाहेरून साडेनऊ मिलिमीटर, लांबी चार मीटरच्या आसपास, आणि नळीची जाडी फक्त ०.५७ मिलिमीटर. आत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या एकावर एक रचलेल्या. अशा २६४ सळ्या १७ बाय १७ च्या चौकटीत उभ्या असतात. उरलेल्या २५ जागांपैकी २४ नियंत्रक सळ्यांच्या मार्गनळ्यांना आणि मधली एक मोजमापाच्या नळीला. हा झाला एक जुडगा. दोन सळ्यांमधली फट तीन मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्या फटीतून १५५ बार दाबाचं, तीनशे अंशांच्या घरातलं पाणी सेकंदाला पाचेक मीटर वेगाने वर धावतं. ही अशी वर्षानुवर्षं.

मला वाटलं होतं सळी खाली-वर कुठेतरी वेल्ड केलेली असेल, निदान नट तरी असेल. तसं काहीच नाही. सांगाडा असतो तो मार्गनळ्यांचा. त्यांनाच वरचं-खालचं तोंड आणि मधल्या आठ-दहा जाळ्या, म्हणजे ग्रिड, जोडलेल्या असतात. सळ्या ह्या ग्रिडच्या घरांतून नुसत्या सरकवलेल्या. काचेच्या ग्लासांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे खण असतात तसे हे खण, पण पातळ धातूच्या पट्ट्यांचे. बहुतेक रचनांत प्रत्येक खणाच्या दोन भिंतींना स्प्रिंग आणि समोरच्या दोन भिंतींना दोन-दोन टेंगळं. स्प्रिंग सळीला टेंगळांवर दाबून धरते. सहा ठिकाणी स्पर्श, संपलं. सळीची दोन्ही टोकं मोकळी.

चार मीटरची सळी, करंगळीहून बारीक, आणि पकड चिमटीची! का, ह्यावर बोलू.

---

चहाबाज · रात्री १०:३१

पैला. उदबत्त्यांचा ब्रँड कोणता?

---

अनुस्वार · रात्री १०:५०

वाखूसा (वाचनखूण साठवली). पण मला मूळ अडचणच कळली नाही. वेल्ड करून टाकलं तर काय बिघडतं? आमच्या खिडकीचे गज वेल्ड केलेत, तीस वर्षं जागचे हलले नाहीत.

---

खटपट्या · रात्री ११:२०

अनुस्वारताई, खिडकीचे गज लांबत नाहीत. ही सळी लांबते. तापते म्हणून लांबते हे एक झालं, ते थंड झाल्यावर परत जातं. पण न्यूट्रॉनांच्या माऱ्यात झिर्कोनियमच्या स्फटिकाची रचनाच अशी बदलते की नळी कायमची वाढत जाते. भट्टीतल्या तीन-चार वर्षांत ही वाढ सेंटिमीटरच्या हिशेबात जाते. शेजारच्या सळीने भोगलेला मारा वेगळा, म्हणून तिची वाढ वेगळी. मार्गनळ्यांची आणखी वेगळी. दोन्ही टोकं जखडली तर सळी जाणार कुठे? वाकणार. एक वाकली की तीन मिलिमीटरची फट एका बाजूला मिटली, तिथे पाणी कमी, उष्णता जास्त. म्हणून वरती मोकळी जागा सोडतात आणि ग्रिडमधून सळीला सरकू देतात.

म्हणजे मागणी अशी आहे: बाजूला हलायचं नाही, पण उभ्याने सरकायची मुभा हवी. स्प्रिंगचा जोर एवढाच की थरथर थांबावी, आणि एवढा नको की सळी अडकावी.

आता एसटी आठवा. खिडकीची काच खडखडते म्हणून आपण तिकिटाची किंवा पेपरची घडी करून फटीत खोचतो. पाच मिनिटं शांतता. मग खडखडाटानेच कागद दबतो, सैल होतो आणि काच पुन्हा सुरू. ग्रिडच्या खणात हेच होतं. फरक इतकाच की कागद बदलायला कुणी आत जाऊ शकत नाही.

---

गणितमास्तर · रविवार, सकाळी ७:०५

छान चाललंय. आठ-दहा ग्रिड का, तर टेकू जवळजवळ दिले की कंपनाची वारंवारता चढते. तार निम्मी केली की सूर दुप्पट होतो हे तंबोरेवाल्यांना माहीत असतं, म्हणून इथेही तसंच असेल असं वाटेल. पण तार ताणावर चालते, सळी स्वतःच्या ताठपणावर. सळीत दोन टेकूंमधलं अंतर निम्मं केलं तर वारंवारता चौपट होते. त्यामुळे मधला एखादा ग्रिड सैल पडला की नुकसानही त्याच पटीत. टेकू गेल्यामुळे अंतर दुप्पट, वारंवारता पावपट.

---

खटपट्या · सकाळी ९:४०

मास्तर, नेमकं. आणि सैल पडतोच, हे इथे गृहीतच धरलेलं आहे. नव्या सळीवर स्प्रिंग चांगली आवळून बसलेली असते. मग तीन गोष्टी एकाच दिशेने सुरू होतात. माऱ्याखाली स्प्रिंगचा जोर मावळतो. बाहेरच्या १५५ बार दाबाने नळी हळूहळू आत बसते, तिचा व्यास किंचित घटतो, म्हणजे सळी स्प्रिंगपासून दूर जाते. आणि ग्रिडचा खणही थोडा वाढतो. पुढे कधीतरी नळी आतल्या गोळ्यांना टेकते, गोळ्या फुगत असतात, त्या नळीला पुन्हा बाहेर रेटतात. ह्या मधल्या काळात खणात केसाहून बारीक फट पडते. त्या फटीत सळी टेंगळावर घासत राहते, सेकंदाला कितीतरी वेळा, महिनोन् महिने. ०.५७ मिलिमीटरची भिंत किती पुरणार? ह्याला ग्रिड-रॉड फ्रेटिंग म्हणतात. पीडब्ल्यूआरमधल्या फुटक्या सळ्यांचं हे बरीच वर्षं पहिल्या क्रमांकाचं कारण राहिलं आहे.

सगळा दोष स्प्रिंगचाही नाही. काही जुन्या भट्ट्यांत गाभ्याभोवतीच्या पत्र्यांच्या सांध्यातून पाण्याची चिळकांडी आडवी येऊन कडेच्या सळ्यांवर बसायची. पत्र्यांच्या मागून पाणी खाली वाहायचं, पुढून वर, म्हणून दोन्हीकडच्या दाबात फरक. उपाय असा केला की मागचं पाणीही वरच्याच दिशेने वळवलं. चिळकांडीचा जोरच गेला.

---

राजापुरी · दुपारी १:१५

वाचतोय. तांत्रिक गमती छान आहेत. पण आमच्याकडे हा विषय बरण्यांचा नाही. माडबन आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. जैतापूरला सहा ईपीआर, म्हणजे फ्रेंच बनावटीच्या मोठ्या पीडब्ल्यूआर, आणायच्या ठरल्यात, मिळून दहा हजार मेगावॅटच्या आसपास. त्याच ईपीआरपैकी चीनमधली तैशान १ सळ्या फुटल्या म्हणून २०२१ ला बंद करावी लागली, वर्षभर. खटपट्याभाऊ, त्याच्यावर एक ओळ नाही तुमच्या धाग्यात?

---

खटपट्या · दुपारी ३:३०

राजापुरी, रास्त आहे. मुद्दाम टाळलं नव्हतं, पुढच्या प्रतिसादात घेणार होतो. आता घेतो.

तैशान १ ही जगातली पहिली चालू झालेली ईपीआर, २०१८ च्या डिसेंबरपासून व्यापारी उत्पादनात. तिच्या गाभ्यात २४१ जुडगे आणि प्रत्येकात २६५ सळ्या. मधली मोजमापाची नळी नाही, म्हणून एक सळी जास्त. ऑक्टोबर २०२० पासून प्राथमिक पाण्यात झेनॉन-क्रिप्टॉनसारख्या निष्क्रिय वायूंचं प्रमाण वाढताना दिसलं. जून २०२१ मध्ये बातमी बाहेर फुटली. चीनच्या पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं की साठ हजारांवर सळ्यांपैकी साधारण पाच सळ्यांचं आवरण गेलंय, ०.०१ टक्क्याहून कमी, आणि रचना ०.२५ टक्के गृहीत धरून केलेली आहे. फ्रान्सच्या ईडीएफ ह्या वीजकंपनीने म्हटलं की फ्रान्समध्ये आम्ही ही भट्टी थांबवली असती. ३० जुलै २०२१ ला ती थांबवली, ऑगस्ट २०२२ मध्ये परत सुरू झाली. तपासात निघालं काय, तर यांत्रिक झीज. ग्रिडमधल्या, सळी धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा तुटल्या आणि सळ्या घासल्या.

म्हणजे हा धागा ज्या चिमटीबद्दल आहे, तीच.

---

गणितमास्तर · दुपारी ४:०२

२४१ × २६५ = ६३,८६५. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १६० सळ्या. पाच ही संख्या त्या मानाने किरकोळच.

---

राजापुरी · दुपारी ४:२०

मास्तर, टेम्पोभर पापलेटात पाचच सडकी होती असं दर्यावर कुणी सांगत नाही. बर्फ कुठे कमी पडला ते विचारतात.

---

खटपट्या · दुपारी ४:५५

हा मुद्दा मी उचलून धरतो. पाच सळ्यांतून गाभ्याच्या पाण्यात किरणोत्सर्गी वायू आला, तो बंद चक्रातच राहतो, शुद्धीकरणातून काढतात, ह्यात घबराटीचं काही नाही. सळीला बारीक भोक पडणं आणि भट्टीचा अपघात ह्यांत दोन-तीन भिंतींचं अंतर आहे. पण सळ्या निरनिराळ्या कारणांनी फुटल्या तर पाच म्हणजे पाचच. एकाच घडणीची स्प्रिंग एकाच कारणाने तुटली असेल तर बाकीच्या ६३,८६० सळ्यांच्या स्प्रिंगा त्याच वाटेवर असू शकतात. तिथे टक्केवारी सांगून भागत नाही. मला स्वतःला भट्टी थांबवून बघणं हाच निर्णय बरोबर वाटतो, आणि तो आधी घ्यायला हवा होता.

---

अनुस्वार · सायंकाळी ६:१०

म्हणजे एवढ्या महागड्या यंत्राचं वर्ष एका स्प्रिंगमुळे गेलं? आणि फुटलेली सळी हजारोंत ओळखतात तरी कशी?

---

निवृत्त बोईसर · रात्री ८:४४

ह्यावर मी बोलतो. नोकरी कुठे केली ते सोडा, नावावरून अंदाज बांधा.

भट्टी चालू असताना पाण्यातला आयोडीन आणि झेनॉन बघून कळतं की कुठेतरी गळतंय. कुठे ते भट्टी उघडल्यावर. सिपिंग म्हणतात. जुडगा उचलला की त्याच्यावरचा पाण्याचा दाब कमी होतो, भोकातून आतला वायू बाहेर येतो, तो ओढून घेऊन मोजायचा. जुडगा सापडला की मग एकेक सळी. फुटकी सळी काढून तिच्या जागी स्टीलची भरीव सळी घालता येते, जुडगा परत वापरात. हे सगळं पाण्याखाली, लांब दांड्यांनी, वरून कॅमेऱ्यात बघत. हात स्थिर लागतो. चहा कमी प्यायचा.

आता तुमचं चाललंय ते सगळं विलायती भट्ट्यांचं. आपल्याकडे तारापूर १ आणि २ ह्या १९६९ च्या, उकळत्या पाण्याच्या. त्यांच्या जुडग्यात फक्त ६ बाय ६, छत्तीस सळ्या, आणि जुडग्याभोवती चौकोनी पेटी. भारतातल्या बाकीच्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या, आणि तिथे धरण्याची तऱ्हाच वेगळी. सळ्या आडव्या, जेमतेम अर्धा मीटर लांब. २२० मेगावॅटच्या भट्टीत १९ सळ्यांचं एक बंडल, दोन्ही टोकांना पातळ चकती, आणि प्रत्येक सळीचं टोक त्या चकतीला वेल्ड केलेलं. अनुस्वारताईंचे खिडकीचे गज इथे सापडतील! अशी बारा बंडलं एका नळीत, अशा नळ्या ३०६. गुणाकार मास्तरांवर सोडतो. तारापूर ३ आणि ४ मध्ये बंडल ३७ सळ्यांचं, नळ्या ३९२, प्रत्येकीत तेरा बंडलं.

मधे सळ्या एकमेकींना लागू नयेत म्हणून पूर्वी सळीवर तार गुंडाळायचे. तार घासते. मग तार गेली आणि सळीच्या मधोमध छोटे तिरके ठोकळे आले. शेजारच्या सळीचा ठोकळा उलट्या बाजूला तिरका, म्हणजे फुलीसारखे एकमेकांवर टेकतात, एकमेकांत अडकत नाहीत. कॅनडात हे ठोकळे बेरिलियम वापरून ब्रेझिंगने बसवतात. बेरिलियमची धूळ फुप्फुसाला फार वाईट. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये आपल्या लोकांनी ते रेझिस्टन्स वेल्डिंगने बसवायची रीत काढली. बेरिलियमच नको. ह्याबद्दल पेपरात कधी चार ओळी आल्या नाहीत, म्हणून इथे लिहिल्या.

---

गणितमास्तर · रात्री ८:५८

३६७२ आणि ५०९६.

---

अनुस्वार · रात्री ९:२५

काका, पण मग इथे दोन्ही टोकं वेल्ड केलेली चालतात कशी? वर तर सांगितलं की सळी लांबते, वाकते.

---

निवृत्त बोईसर · रात्री ९:५०

चांगलं पकडलंस. एक तर सळी आखूड, लांबून लांबून किती लांबणार. शिवाय इथे इंधन वर्षानुवर्षं आत राहत नाही, भट्टी चालू ठेवूनच यंत्राने एका बाजूने नवं बंडल ढकलतात, दुसरीकडून जुनं बाहेर. फुटकं बंडलही असंच काढता येतं, भट्टी थांबवायची गरज नाही. आणि तिसरं, चकती मुद्दाम पातळ असते, दीडेक मिलिमीटरची, आणि जाळीसारखी कापलेली. सळ्या कमीजास्त लांबल्या की ती लवते. जाड केली तर न्यूट्रॉन खाईल आणि लवणारही नाही.

---

ओंटारियोचा बाळ्या · सोमवार, पहाटे ४:३०

काका, तुमची ती पातळ चकती आमच्याकडे तुटली होती, तो किस्सा ऐका. माझ्या जन्माआधीचा आहे, पण इथे ह्या क्षेत्रात कामाला लागलेल्या प्रत्येकाला तो ऐकवतातच.

डार्लिंग्टन, लेक ओंटारियोच्या काठावर. तिथली दोन नंबरची भट्टी १९९० मध्ये नवी कोरी. त्याच वर्षाच्या अखेरीला एका नळीत इंधन बदलताना बंडलं नीट पुढे सरकेनात. बाहेर काढून बघतात तर चकत्या तडकलेल्या, काही सळ्या बंडलातून सुट्या झालेल्या. शोधाशोध. वेल्डिंग ठीक, धातू ठीक, पाण्याचा वेग ठीक.

दोषी निघाला पंप. पंपाच्या चाकाला पाच पाती, चाक सेकंदाला तीस फेरे घेतं. पाच गुणिले तीस, १५० हर्ट्झ. प्रत्येक पातं पाण्याला एक हलकासा धक्का देतं, आणि तो आवाजासारखा पाइपांतून पुढे जातो. काही नळ्यांची आणि पाइपांची लांबी अशी जुळून आली की हा धक्का तिथे घुमायला लागला. बासरीत फुंकर घुमते तसा. सळ्या पुढे-मागे हिसके खाऊ लागल्या, पातळ चकती दमली आणि तडकली. धातूची थकावट म्हणतात ती हीच.

उपाय काय केला असेल? इंधनाला हातच लावला नाही. पंपाची चाकं बदलली, पाचऐवजी सात पात्यांची. सात गुणिले तीस, २१० हर्ट्झ. घुमणं बंद.

---

खटपट्या · सोमवार, सकाळी ८:१५

बाळ्या, दंडवत! ह्या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. सळी धरणारा भाग तपासत बसायचं आणि चोर शंभर फूट लांब पंपात, हे मी हीट एक्स्चेंजरमध्ये दोनदा भोगलंय. एकदा तर आम्ही एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात आधारपट्ट्या दुप्पट करून आलो आणि नळ्या पूर्वीपेक्षा लवकर फुटल्या. शेवटी बाहेरचा एक अर्धा उघडा व्हॉल्व्ह सापडला. गिऱ्हाईक आजही मला बघून हसतं.

उलटी चूकही होते, जास्त आवळण्याची. पीडब्ल्यूआरचा जुडगा सहा-सातशे किलोचा, तरी पाण्याच्या जोराने वर उचलला जायला बघतो. म्हणून त्याच्या डोक्यावर दाबून धरणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगा असतात. १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या रिंगहाल्स अणुवीज केंद्रात नियंत्रक सळ्या शेवटपर्यंत खाली जाईनात. जुडगेच इंग्रजी एस अक्षरासारखे वाकले होते. डोक्यावरचा दाब गरजेपेक्षा जास्त, मार्गनळ्या बारीक, आणि माऱ्याखाली धातू सावकाश वाकत गेलेला. नियंत्रक सळी म्हणजे भट्टीचा ब्रेक. फुटक्या इंधनसळीपेक्षा हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

---

राजापुरी · सकाळी ११:३०

धागा चांगला झाला हे मान्य. माझं मत बदललेलं नाही. फक्त आता जनसुनावणीत "किरणोत्सर्ग होईल का" असं मोघम विचारण्याऐवजी मी ग्रिडची स्प्रिंग कुठल्या घडणीची आणि तैशाननंतर तिच्यात काय बदललं, हे विचारीन.

---

निवृत्त बोईसर · दुपारी १२:०५

विचारा. जरूर विचारा. समोरचा बाटलीतलं पाणी प्यायला लागला तर समजा प्रश्न बरोबर जागी लागलाय.

---

चहाबाज · दुपारी १२:४०

कुडनकुलमचं राहिलं की.

---

खटपट्या · दुपारी २:१०

तिथे रशियन व्हीव्हीईआर, म्हणजे त्यांची पीडब्ल्यूआर. जुडगा षटकोनी, असे १६३. सळी खालच्या टोकाला पक्की बसवलेली, वरचं टोक मोकळं, मधे मधमाशांच्या पोळ्यासारखे ग्रिड. म्हणजे एक पाय रोवलेला. कल्पक्कमच्या द्रुतगती प्रजनक भट्टीत आणखी निराळं: एका जुडग्यात २१७ बारीक पिना, आणि प्रत्येकीवर मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली. काकांनी सांगितलेली जुनी तार तिथे अजून नांदते आहे, कारण तिथे पाणी नाही, वितळलेलं सोडियम आहे आणि पिना इतक्या दाटीने उभ्या असतात की ग्रिडला जागाच नाही.

---

अनुस्वार · सायंकाळी ७:००

मुख्य गोष्ट राहिली! भाचीच्या प्रदर्शनाचं काय झालं?

---

खटपट्या · रात्री ९:३०

शुक्रवारी आहे. थर्माकोल रद्द केलाय. पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींत खोचून तीन ग्रिड केले, प्रत्येक खणात कागदाची दुमडलेली घडी. स्प्रिंग म्हणून! बरणी हलवली तरी उभ्या राहतात. पण उदबत्त्या घडीत घासून काळी भुकटी पडते आणि पाणी गढूळ होतं.

---

निवृत्त बोईसर · रात्री ९:४८

झाली की फ्रेटिंग. उदबत्त्या काढ आणि सायकलचे जुने स्पोक घाल, दुकानदार फुकट देईल. आणि पोरीला सांग, वरच्या टोकाला झाकण टेकवू नको. बोटभर जागा सोड.